उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) डेस्कटॉप येत नाही? फॉरमॅट मारू नको
भाऊ, जळगावात लाईट गेली-आली की असलं काहीतरी होतंच. मशीन चालू होताना एस्केप दाब, पण एकदाच. सारखं दाबलंस तर ग्रबचा (उबुंटू सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मेनू न येता नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाकायची रिकामी ओळ येते. मेनूत उबुंटूच्या ओळीवर 'ई' दाब. 'लिनक्स'ने (linux) सुरू होणारी लांबलचक ओळ शोध, 'क्वाएट स्प्लॅश' (quiet splash) खोड, शेवटी जागा सोडून 3 लिही, म्हणजे डेस्कटॉपशिवाय नुसती अक्षरांची स्क्रीन येईल. मग कंट्रोल-एक्स दाबून बूट कर. बदल त्या एका बूटपुरताच असतो. त्या स्क्रीनवर लॉगिन करताना पासवर्डची अक्षरं दिसणार नाहीत, कीबोर्डला शिव्या देऊ नको. आत गेल्यावर आधी 'डीएफ -एच' (df -h) चालवून डिस्क किती भरली ते बघ. रूट (/, म्हणजे सिस्टीमचा मुख्य भाग) 100 टक्के भरलं असेल तर बऱ्याचदा दुखणं तिथंच. नसेल तर 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' (journalctl -b -p err, या बूटमधल्या चुकांची यादी) चालव आणि लाल ओळींचा फोटो पाठव.