आधी टिश्यू, मग वॅट

प्रिय डॉक्टर,

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. दूरशिक्षणाच्या कोणत्या लेझर-कोर्सला प्रवेश घ्यावा, आणि कुठल्या शस्त्रक्रियेला किती वॅट लावावेत याचा तक्ता मिळेल का. तक्ता मिळणार नाही. आणि जो कोर्स प्रवेशाबरोबर असा तक्ता हातात ठेवतो, तिथे फी भरू नकोस.

नुसत्या वॅटला अर्थ नाही. १० वॅट १ मिलिमीटर व्यासाच्या स्पॉटवर, म्हणजे किरण पडतो त्या ठिपक्यावर, टाकलेस तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १,२७० वॅट पडतात. हातातला किरण सोडणारा हँडपीस जरा मागे गेला, स्पॉट २ मिलिमीटर झाला, की उरतात ३२०. मशीनवर आकडा तोच, पण कापणं थांबून भाजणं सुरू झालेलं असतं.

आणि नवख्याने कमी पॉवर लावावी, हे खूळ डोक्यातून काढ. पॉवर कमी म्हणजे हात हळू, आणि हात हळू म्हणजे उष्णतेला आजूबाजूला पसरायला सवड. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रथिनं गोठतात, टिश्यू (शरीरातली ऊती) पांढरा पडतो. १०० ला पाण्याची वाफ होते आणि बरीच उष्णता वाफेबरोबर निघून जाते. पाणी संपलं की तापमान भराभर चढतं, काळा थर धरतो. मग तो थरच किरण शोषून घेतो, निखाऱ्यासारखा तापतो आणि खालचा चांगला टिश्यू भाजत राहतो. ओल्या गॉजने पुसून काढ, मगच पुढे जा. दर वेळी.

तक्ता देत नाही म्हणून मला हेकट म्हणतात. म्हणोत. तक्ता पाठ केलेला हात काळा थर दिसला तरी थांबत नाही, कारण तक्त्यात तो लिहिलेला नसतो.

त्यात वेव्हलेंग्थ, म्हणजे किरणाची तरंगलांबी, निराळी असली तर विचारायलाच नको. कार्बन डायऑक्साइड लेझर, १०,६०० नॅनोमीटर, टिश्यूतल्या पाण्यात वीस-तीस मायक्रॉनमध्येच शोषला जातो. केलंस ते बहुतेक डोळ्यांसमोर असतं. एनडी-यॅग या दुसऱ्या लेझरचा १,०६४ नॅनोमीटरचा किरण विखुरत काही मिलिमीटर खाली उतरतो. वर नुसता पांढुरका डाग, आणि खालचा मेलेला टिश्यू काही दिवसांनी गळतो. पोकळ अवयवाच्या भिंतीत याचा अर्थ काय होतो, ते तुला सांगायला नको. चष्मासुद्धा एकाचा दुसऱ्याला चालत नाही: पहिल्याला चालणारा साधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्मा १,०६४ पासून डोळ्याचा पडदा वाचवत नाही.

आता प्रवेशाचं. भौतिकशास्त्र, सुरक्षितता, टिश्यूवरचे परिणाम हे सगळं घरी बसून उत्तम शिकता येतं. कोर्सची पारख मात्र प्रवेश-अर्जातच होते. तुझी वैद्यकीय नोंदणी ते तपासतात का? तुझ्याकडे कोणत्या वेव्हलेंग्थचं मशीन आहे, हे विचारतात का? तुझ्या शेजारी उभा राहणारा सर्जन कोण, लॉगबुकवर सही कोणाची? असा सर्जन नसलेल्याला प्रवेश नाकारतात का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फी भरताच ‘अभिनंदन’ येत असेल तर ती नुसती विक्री आहे. प्रत्यक्ष सरावाचे दिवस किती, एका मशीनवर किती जण, तोंडी परीक्षा आहे की फक्त पर्याय निवडायचे, हे लेखी मागून घे.

तोवर तुझ्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली एवढं कर. कार्बन डायऑक्साइड लेझर ओल्या लाकडी पट्टीवर मारून बघ. नेम धरायचा लाल ठिपका आणि जळलेला ठिपका एकाच जागी हवेत. मग ताज्या मांसाच्या तुकड्यावर, सलग मोडमध्ये, स्पॉट तोच ठेवून, ३ सेंटिमीटरच्या दोन रेघा ओढ: एक १० वॅटवर झपकन, दुसरी ४ वॅटवर, पहिलीइतकी खोल जाईपर्यंत. चष्मा हवाच, आणि धुराच्या सक्शनचं तोंड ५ सेंटिमीटरच्या आत. दोन्हींना ब्लेडने आडवा छेद दे आणि कडेचा पांढरा पट्टा भिंगाखाली मोज. दोन्ही मापं मला कळव, कोर्सचं त्यानंतर बोलू.