अमेरिकेत गोरी मुलगी हरवली की देशभर बातमी होते, कृष्णवर्णीय माणूस हरवला तर कोणाला पत्ताही नसतो. असं का? आणि आपण काय करू शकतो?

मी फिनिक्सला राहतो. जवळून पाहिलं तेवढंच सांगतो.

जून 2021 मध्ये इथल्या बकआयजवळच्या वाळवंटात कामावर गेलेला 24 वर्षांचा कृष्णवर्णीय भूवैज्ञानिक परतलाच नाही. महिन्याभराने त्याची जीप एका घळीत सापडली. वडील साउथ कॅरोलायनाहून आले आणि स्वयंसेवक जमवून स्वतःच शोधू लागले. एका शनिवारी मीही गेलो. सगळ्यांनी एका रांगेत, खाली बघत चालायचं. चोया निवडुंगाचे काटे बुटात घुसतात, आणि पांढरा दगड दिसला तरी छातीत धस्स होतं.

सप्टेंबरात गॅबी पेटिटो या हरवलेल्या गोऱ्या तरुणीची बातमी आली. आमच्या मराठी ग्रुपवर दिवसभर तेच. वाळवंटात हरवलेला हा मुलगा तर आमच्याच भागातला, पण त्याचं नाव तिथे कोणी ऐकलं नव्हतं.

गॅबीचं दुःख खरंच होतं. बातमी पाहून एका प्रवासी कुटुंबाने आपलं चित्रीकरण तपासलं, त्यात तिची पांढरी व्हॅन दिसली आणि वायोमिंग राज्यात तिचा मृतदेह होता ती जागा सापडली. प्रसिद्धी हवी ती यासाठी. शोधणारे डोळे वाढतात. त्याच वायोमिंगमध्ये 2011 ते सप्टेंबर 2020 या काळात 710 आदिवासी माणसं बेपत्ता झाल्याची नोंद आहे. त्यांतली किती नावं आपण ऐकली? गॅबीच्या वडिलांनीच पत्रकारांना सांगितलं, की इतर हरवलेल्यांसाठीही हेच करा.

कारण काय? पत्रकार ग्वेन आयफिल यांनी 2004 मध्येच याला ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’ म्हटलं होतं. कोणता चेहरा प्रेक्षकाला आपल्या लेकीसारखा वाटेल, हे न्यूजरूममध्ये न बोलता ठरतं. त्यात कृष्णवर्णीय मुलांवर ‘घरातून पळून गेला’ असा शिक्का लवकर बसतो, आणि अपहरणाचा संशय नसेल तर अँबर अलर्ट, म्हणजे हरवलेल्या मुलासाठी सगळ्यांना जाणारा तातडीचा इशारा, निघत नाही. म्हणून तर कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2024 पासून 12 ते 25 वयाच्या कृष्णवर्णीयांसाठी एबनी अलर्ट हा तसाच इशारा सुरू केला.

तुम्ही काय कराल? नॅटली आणि डेरिका विल्सन या दोघींनी 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन’ची पोस्टर्स शेअर करा. तारीख आणि पोलिसांचा नंबर कापू नका. तुमच्या शहरातल्या चॅनेलला नाव घेऊन विचारा, ‘या मुलीची बातमी का नाही?’ उत्तर आलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. आणि फोटो निवडायची वेळ आली तर पदवीदानातला, हसरा द्या. पोलिसांच्या फायलीतला नको.