‘डॉट शॉप’ घ्यावे का?

प्रश्न : कोल्हापुरात आमचे कोल्हापुरी चपलांचे पिढीजात दुकान आहे. मोठे विक्रेते नवनवी डोमेन (संकेतस्थळांचे पत्ते) घेतात. आम्हीही ‘डॉट कॉम’ सोडून ‘डॉट शॉप’ घ्यावे का?

उत्तर : ‘डॉट कॉम’ मुळीच सोडू नका. इंटरनेटवरील पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या विस्तारांसाठी (पत्त्यातील शेवटच्या ‘डॉट’नंतरच्या भागांसाठी) अर्ज मागवले, तेव्हा एका अर्जाचे शुल्कच १,८५,००० डॉलर होते. तरीही वॉलमार्ट, ॲमेझॉन यांनी स्वतःच्या नावाचे विस्तार मिळवले, पण त्यांची मुख्य दुकाने आजही जुन्याच पत्त्यांवर चालतात. अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्री कंपनीचा अनुभव तर आपण नीट लक्षात घ्यावा, असे मला कळकळीने वाटते : साडेतीन लाख डॉलर मोजून घेतलेल्या ‘ओ डॉट को’ या पत्त्याची कंपनीने २०११ मध्ये जोरदार जाहिरात केली, परंतु अनेक ग्राहक सवयीने ‘ओ डॉट कॉम’च टाइप करत राहिले आणि त्याच वर्षी कंपनीला पाऊल मागे घ्यावे लागले. नव्या विस्तारामुळे गूगलवर वरचे स्थान मिळते, हा समजही चुकीचा आहे. ‘डॉट शॉप’ घ्यायचेच असेल, तर ते जुन्या संकेतस्थळाकडे वळवून फलकांवर आणि पिशव्यांवर छापा. मात्र पहिल्या वर्षीच्या सवलतीला न भुलता नूतनीकरणाचा दर आधी विचारा.