नेदरलँड्समध्ये ऑन-कॉल काम करतो. मालकाने आदल्या दिवशी शिफ्ट रद्द केली तर पगार मिळतो का?

हो, शिफ्टला चार दिवसांपेक्षा कमी वेळ उरला असताना रद्द केली, तर ठरलेल्या सगळ्या तासांचा पगार मिळतो. १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या ‘वाब’ (WAB) या डच कामगार कायद्यातच ही तरतूद आहे. बोलावणंही ४ दिवस आधी आणि लेखीच हवं. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, नुसता फोन नाही. म्हणून बोलावल्याचा आणि रद्द केल्याचा, दोन्ही मेसेजचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट जपून ठेवा. फक्त तुमच्या क्षेत्राचा सामूहिक करार (कामगार संघटना आणि मालकांमधला, ‘CAO’) आधी पाहा, कारण त्यात ही मुदत २४ तासांपर्यंत कमी केलेली असू शकते. शिवाय या ऑन-कॉल कामाला १२ महिने झाले असतील, तर त्या वर्षाच्या सरासरीइतक्या ठरावीक तासांचा प्रस्ताव मालकाने द्यायलाच हवा.