आधी त्याचं राज्य, पण हप्ता कोण भरणार?

"ताई, देवाला पहिलं स्थान द्यायचंय हो, पण जमतच नाही." आमच्या मंडळ्यांतली, म्हणजे चर्चमधली, माणसं माझ्याकडे समुपदेशनाला आली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारी कधी नर्स असते, कधी शिक्षक, कधी रिक्षावाले काका. कारणं तीच: घराचा हप्ता, मुलांचे क्लास, रविवारची ड्यूटी. त्यावरचा सल्लाही ठरलेला: पहाटे लवकर उठा, मत्तय 6:33 पाठ करा. 'आधी देवाचं राज्य मिळवायला झटा, म्हणजे ह्याही सर्व गोष्टी तुम्हाला मिळतील', हे येशूचं बायबलमधलं वचन; 'ह्या गोष्टी' म्हणजे अन्न-वस्त्र. बिचारे उठतात आठवडाभर. मग पुन्हा पहिले पाढे, आणि वर अपराधीपणाचं ओझं.

चिंचवडच्या एका कारखान्यातले सुपरवायझर असेच आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पंचेचाळिशीचं, झोप उडालेली. राहतं घर स्वतःचं, दुसऱ्या फ्लॅटचं कर्ज चालू, ते फेडायला जवळजवळ दर रविवारी ओव्हरटाइम. बायको-मुलं उपासनेला, हे कामावर. चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना 6:33 दाखवलं होतं, मेहुण्यांनीही दाखवलं होतं. मी बायबल उघडलंच नाही.

"दुसरा फ्लॅट कोणासाठी?"

"मुलांसाठी. दोघांना एकेक."

"त्यांनी मागितलाय?"

"मागायची वेळ येऊच नये ना, ताई."

त्या 'येऊच नये'चा जोर माझ्या कानात राहिला. पुढच्या भेटींत आम्ही फ्लॅटबद्दल कमी आणि लहानपणाबद्दल जास्त बोललो. वडील सुवार्तिक, म्हणजे येशूचा संदेश सांगणारे, नगर जिल्ह्यात सायकलवर गावोगाव हिंडणारे. घर मिशन कंपाउंडमधलं. वडील निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. हे तेव्हा दहावीत. काकांच्या पडवीत दोन वर्षं काढली. एवढं सगळं त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं.

मी म्हटलं, "म्हणजे बाबांनी 6:33 पाळलं होतं."

"अक्षरन् अक्षर."

"मग 'ह्याही सर्व गोष्टी' मिळाल्या का?"

बराच वेळ ते गप्प होते. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "नाही मिळाल्या! बाबांनी देवाला पहिलं स्थान दिलं आणि आम्हाला पडवी मिळाली. आता मीही तेच करू?" आणि लगेच दचकून, "माफ करा, असं बोलायला नको होतं."

"माझी कशाला माफी मागता? हे ज्याला सांगायचं, त्याला कधी सांगितलंत?"

30 वर्षांच्या प्रार्थनांत एकदाही सांगितलं नव्हतं.

अग्रक्रम चुकला असं ज्याला आपण म्हणतो, तिथे खरी अडचण पुष्कळदा वेळेची नसतेच, भरवशाची असते. इतक्या वर्षांच्या कामातून माझं हे मत पक्कं झालं आहे. येशूचं ते वाक्य आदल्या वचनावर उभं आहे: तुम्हाला कशाची गरज आहे हे स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे (6:32). ऐन गरजेच्या वेळी त्याने पाठ फिरवली अशी ज्याची मनातून खात्री आहे, त्याला पुढचं वचन धमकीसारखं ऐकू येतं. त्याच्याकडून ते पाठ करून घेऊ नये. आधी त्याची तक्रार ऐकावी.

आम्ही बायबलमधलं 73वं स्तोत्र वाचलं. दुष्टांचं बरं चाललंय आणि मी मन शुद्ध ठेवलं ते फुकटच गेलं, असं स्तोत्रकर्ता आसाफ सरळ बोलून टाकतो. कलाटणी येते 17व्या वचनात, तो देवाच्या पवित्रस्थानात जातो तेव्हा. पृथ्वीवर तुझ्यावाचून मला दुसरं कोणी नको, हे त्याच्या पुढचं, 25वं. आपण उपासनेत हे शेवटचं तेवढं उचलतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

त्यांनी आपली तक्रार देवाला मोठ्याने सांगितली ती कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून. पुढच्या भेटीत म्हणाले, "देव काही बोलला नाही. पण बाबा आठवले. पडवीतही रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसायचे, आईशी हसायचे. आम्हाला बोचत होती तेवढी ती पडवी त्यांना बोचत नव्हती." थोडं थांबून म्हणाले, "पोरांना फ्लॅट देईन. पण बाबांकडे जे होतं ते कुठून देऊ? ते माझ्याकडेच नाही."

त्या क्षणी सार्वकालिक, कायमचं टिकणारं, म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. मी फक्त त्यांना रडू दिलं.

मात्र बाबांचं सगळंच बरोबर होतं, असं मी त्यांना म्हणू दिलं नाही. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे, असं प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, बजावतो (1 तीमथ्य 5:8). आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' (देवाला वाहिलेलं) म्हणून देवाच्या नावाने अडवणाऱ्यांना येशूने फटकारलं (मार्क 7). पंडिता रमाबाईंनी आपलं सगळं ख्रिस्ताला वाहिलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनात विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा केला. सेवेतल्या भावा-बहिणींनो, निवृत्तीनंतर कुठे राहणार हे आज घरात बसून बोला, मुलांसमोर बोला. आणि हप्ते भरणाऱ्यांनो, हप्ता पाप नाही. कोणत्या भीतीपायी तो भरताय, एवढं स्वतःला विचारा. उत्तर मिळालं तर ते आधी देवाला सांगा, मग जोडीदाराला.

या गृहस्थांच्या पत्नीला पडवीची गोष्ट लग्नानंतर अठरा वर्षांनी कळली. फ्लॅट त्यांनी विकला नाही, मी सुचवलंही नव्हतं. रविवारचा ओव्हरटाइम बंद केला आणि बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून घेतली. त्यामुळे व्याज किती जास्त जाणार, हे त्यांनी कागदावर मांडून मला दाखवलं आणि म्हणाले, "चालेल."