माइम मुळात मुकं नव्हतं

शेजारच्या काकू रविवारी नातवाला घेऊन ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला गेल्या होत्या. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "तिथं एका फुलपाखराचं नाव 'कॉमन माइम' सांगितलं. माइम म्हणजे मूकाभिनय ना? पण फुलपाखरं तर सगळीच मुकी, मग यालाच ते नाव का? नातू सारखा विचारतोय. मूळ शब्द काय आहे?"

काकू, नातवाची शंका अगदी रास्त आहे. गडबड आपली आहे, कारण 'माइम' म्हटलं की आपल्याला आधी मुकेपणा आठवतो आणि मूळ शब्दात तो नाहीच. ग्रीकमध्ये 'मिमोस' म्हणजे नकल्या, सोंग आणणारा. लॅटिनमध्ये त्याचा 'मिमुस' झाला, फ्रेंचमध्ये 'मीम' आणि इंग्रजीत 'माइम'. ग्रीकच्याही मागं जायला गेलं तर वाट बंद होते, कोशकार 'व्युत्पत्ती अज्ञात' म्हणून थांबतात. (तेव्हा कुणी माइमचं नातं आपल्या 'मीमांसे'शी जुळवून दिलं तर हसून सोडून द्या. मीमांसा 'मन्' धातूची, विचार करणारी.)

आता तुमचं फुलपाखरू. ते खरोखरच नकल्या आहे. त्याची दोन रूपं असतात. एक गडद तपकिरी, हुबेहूब 'कॉमन क्रो' नावाच्या फुलपाखरासारखं. दुसरं काळं, त्यावर फिकट निळसर-पांढरे पट्टे, थेट 'ब्लू टायगर' या फुलपाखरासारखं. क्रो आणि टायगर यांच्या अंगात विषारी द्रव्यं असतात, पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. माइमच्या अंगात तसलं काही नाही, पण रूप उसनं घेतलं की काम भागतं. नुसतं रूपच नाही, चालही उसनी: क्रो जसं निवांत, रमतगमत उडतं तसंच हेही उडतं. मात्र कुणी हुसकावलं की सोंग टाकून सुसाट पळतं. ओळखायचं असेल तर मागच्या पंखाच्या कडेचे पिवळे ठिपके बघायचे, क्रोला ते नसतात. आणि त्याचा कोष! मोडून पडायला आलेली वाळकी काटकीच. हात लावेपर्यंत पटत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात, ते बहुधा या कुळाला बघूनच सुचलं असावं. निरुपद्रवी जीवानं विषारी जीवाचं रूप घेण्याचा हा प्रकार हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकानं ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढल्यावर 1862 मध्ये मांडला. त्याला नाव मिळालं 'मिमिक्री'. शब्द त्याच घरातला.

मग मुकेपणा आला कुठून? ही गोष्ट मला शब्दापेक्षाही जास्त आवडते.

जुनं ग्रीक माइम चांगलं बडबडं होतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजचा सोफ्रोन माइम लिहायचा, म्हणजे साध्या माणसांचे गद्य संवाद. त्याच्यानंतर दोनेकशे वर्षांनी हेरोदास झाला. त्याची माइमं इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर शिल्लक होती आणि ती 1891 मध्ये छापली गेली. त्यातल्या एकात एक आई वांड पोराला ओढत मास्तरांकडे आणते. पोरगा शाळा बुडवून जुगाऱ्यांच्यात बसतो, लिहायच्या पाटीकडे ढुंकून बघत नाही, तेव्हा याला चांगला बडवून काढा, असं तिचं गाऱ्हाणं. मास्तर चाबूक मागवतात, पोरगा गयावया करतो, आणि आई म्हणते, थांबू नका, अजून मारा. दुसऱ्या एकात काही बायका चांभाराच्या दुकानात जातात, तो जोडामागून जोडा काढून दाखवतो, तारीफ करतो, आणि भावावरून घासाघीस होते. माणसांची नावं तेवढी बदला, गावदेवी मार्केटमध्ये सहज खपून जाईल. यात मौन कुठंच नाही, उलट सगळी गंमत बोलण्यातच आहे. माइम म्हणजे माणसं जशी वागतात-बोलतात त्याची नक्कल, इतकंच.

गप्प बसणारा नट वेगळा होता. रोममध्ये इसवी सनापूर्वी 22 च्या सुमारास 'पँटोमिमुस'ची लाट आली. 'पँटो' म्हणजे सर्व, सगळ्यांची सोंगं आणणारा. मराठीत याला तयार शब्द आहे: बहुरूपी. एकच नर्तक मुखवटे बदलत देव, राणी, राक्षस सगळं करायचा, कथा मागं वृंद गायचा. त्याच्या मुखवट्याचे ओठसुद्धा मिटलेले असत. म्हणजे रोममध्ये माइम बोलणारं आणि पँटोमाइम न बोलणारं. आज इंग्लंडात ख्रिसमसला जे 'पँटोमाइम' होतं त्यात गाणी, आरडाओरडा, प्रेक्षकांशी हुज्जत, सगळं असतं, आणि माइम गप्प! दोन शब्दांनी जागांची अदलाबदल केली आणि कुणाला पत्ता लागला नाही. (आपला बहुरूपी तर कधीच गप्प नव्हता. लहानपणी आमच्या चाळीत खाकी कपड्यातला यायचा, दारात उभं राहून असा दम भरायचा की आजी हसत हसत पसाभर तांदूळ घालायची.)

माइमच्या तोंडाला कुलूप लागलं ते मुख्यतः पॅरिसमध्ये, आणि तेही कलेच्या सोसानं नव्हे. संवादांचा मक्ता सरकारमान्य नाटकमंडळीकडे होता, म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जत्रांतल्या नटांना बोलायची बंदी झाली. त्यांनी काय करावं? ओळी पाट्यांवर लिहून त्या प्रेक्षकांना दाखवायला सुरुवात केली. पुढं नेपोलियनच्या काळात थिएटरांवर पुन्हा बंधनं आली. फ्युनाम्ब्युल नावाच्या छोट्या थिएटरात डोंबारी कसरती आणि बिनशब्दांचे खेळ चालायचे. तिथंच झाँ-गास्पार देब्युरो यानं पांढऱ्या चेहऱ्याचा 'पिएरो' हा विदूषक असा काही केला की 1846 मध्ये तो वारला तोवर मौन ही शिक्षा न राहता शैली झाली होती. विसाव्या शतकात एत्येन दक्रूनं तिचं शास्त्र बांधलं, आणि त्याच्याच हाताखाली शिकलेल्या मार्सेल मार्सोनं 1947 पासून 'बिप' नावाचा विदूषक घेऊन ती जगभर फिरवली. आपल्या डोळ्यांपुढं माइम म्हणून जे येतं, पांढरा चेहरा, पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, नसलेल्या काचेवर टेकलेले तळवे, ते बरंचसं मार्सोचं. दोन-अडीच हजार वर्षांच्या शब्दाला हे रूप येऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आपण भाषांतर केलं ते या शेवटच्या रूपाचं: मूकनाट्य, मूकाभिनय. बंगालीतही 'मूकाभिनय'च, कोलकात्याच्या जोगेश दत्तांनी तो तिथं रुजवला. शब्द म्हणून मला तो पसंत आहे. नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. यातला वाचिक वजा करा, उरतं ते मूकाभिनय. हिशेब चोख. पण 'नक्कल' हा अर्थ त्यात दिसत नाही, म्हणून तुमच्या फुलपाखराला तो लावला की घोटाळा होतो. गंमत अशी की 'अभिनय' अभि + नी, म्हणजे 'पुढं नेणं' यावरून आलाय आणि 'नक्कल' ज्या अरबी 'नक्ल'वरून आला त्याचाही एक अर्थ इकडून तिकडं नेणं असाच आहे. सातबाऱ्याची नक्कल आणि साहेबांची नक्कल हा एकच शब्द, हे आपण विसरूनच गेलोय.

जुना अर्थ पुरता मेलेला मात्र नाही. गडकरी रंगायतनच्या जवळ एका संस्थेच्या तालमीला मी अधूनमधून जाऊन बसतो. तालमीत सामान नसतं. परवा एका मुलीला चहा ओतत सासूशी भांडायचं होतं. ती अडली तसा दिग्दर्शक म्हणाला, "किटली सोड, माइम कर, आणि बोलत राहा." तिनं हवेत किटली तिरकी केली, दुसऱ्या हाताची बोटं कपाभोवती वळवली आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवला. 'माइम कर आणि बोलत राहा' हे वाक्य कोशातल्या अर्थानं अशक्य आहे, तालमीत कुणालाच खटकलं नाही. हेरोदासलाही खटकलं नसतं. कॉलेजांच्या युवा महोत्सवात माइम आणि मिमिक्री अशा दोन वेगळ्या स्पर्धा असतात. एकीत तोंड उघडायचं नाही, दुसरीत तोंडाशिवाय गत्यंतर नाही, आणि दोघी एकाच आईच्या लेकी.

तुमच्या फोनवर पहाटेपासून येणारी 'मीम' ही तिसरी. रिचर्ड डॉकिन्सनं 1976 मध्ये 'मिमेमा', म्हणजे नकलेनं उतरलेली गोष्ट, हा ग्रीक शब्द तोडून 'जीन'शी यमक जुळेल असा तो केला. आणि चौथी येऊरच्या जंगलात पायाखाली असते: लाजाळू. तिचं शास्त्रीय नाव 'मिमोसा', कारण हात लागताच अंग चोरून घेण्यात ती जिवंत प्राण्याची नक्कल करते. नातवाला ती आधी दाखवा, फुलपाखरापेक्षा लवकर पटेल.

लिहिण्याबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. मूक + अभिनय, म्हणून 'मू' दीर्घ. मराठीत 'मुका' ऱ्हस्व असल्यामुळं हात तिकडं वळतो. गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजच्या फाटकावर भलामोठा फलक होता, 'आंतरमहाविद्यालयीन मुकाभिनय स्पर्धा'. बसस्टॉपवरच्या दोन पोरी तो मोठ्यानं वाचून एवढ्या हसत होत्या की त्यांची बस गेली.