जन्माची नोंद नसलेल्या पूर्वजाचे खरे वय आणि आयुष्य कसे जुळवावे?

आपल्या घरात एकशे दहा वर्षे जगल्या असे सांगितल्या जाणाऱ्या पणजीचे खरे वय कसे ठरवावे आणि पुढच्या पिढीसाठी त्यांच्याविषयी काय लिहून ठेवावे, असे आपण विचारले आहे. हे काम मी माझ्या पणजीसाठी केले आहे, म्हणून तिच्याच आधाराने सांगतो.

ती सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात नांदली आणि 2005 साली तिथेच वारली. तेव्हा गावाने तिला एकशे आठ वर्षांची ठरवले होते आणि दहाव्याला प्रवचनकारांनीही तोच आकडा सांगितला. माझ्या हिशेबाने ती सत्त्याण्णव वर्षांची होती. वय कमी केल्याचे काही वडीलधाऱ्यांना वाईट वाटले. पण खरे वय धरल्याखेरीज तिने सांगितलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मला त्या गोष्टी आकड्यापेक्षा मोलाच्या वाटतात.

जुन्या पिढीतील बहुतेकांप्रमाणे तीही वर्षांचा हिशेब साथी आणि दुष्काळ यांवरून करीत असे. त्यात सर्वांत भक्कम आधार मानमोडीचा मिळाला. 1918 च्या पावसाळ्याने दगा दिला आणि त्याच सुमारास इन्फ्लुएंझाची ही साथ खेडोपाडी पसरली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली, आणि त्यांत ऐन तारुण्यातली माणसे विशेष होती. पणजीच्या माहेरी तिचा थोरला भाऊ आणि वहिनी एकाच आठवड्यात गेली, आणि मागे राहिलेल्या तान्ह्या पोराला कडेवर घेऊन शेळीचे दूध पाजण्याचे काम तिच्याकडे आले. ही हकिकत सांगताना ती दर वेळी म्हणे, ‘‘तवा मी परकर नेसत हुते, लुगडं न्हाई.’’ मूल कडेवर पेलण्याइतकी मोठी, पण लुगड्याला लहान, म्हणजे त्या वर्षी ती नऊ ते अकरा वर्षांची असणार.

दुसरा धागा माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा. त्यावर 1 जून 1928 ही तारीख आहे. आपल्याकडे गुरुजी पोराच्या अंगलटीवरून वर्ष ठरवीत आणि 1 जून लिहून टाकीत, त्यामुळे दिवस-महिन्यावर विसंबू नये. वर्ष मात्र मागेपुढे धरून उपयोगी पडते. आजोबांच्या आधी तिची दोन बाळे गेली होती, हेही हिशेबात घ्यावे लागले.

तिसरा पुरावा गाव नमुना 14 चा, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही मोडीतली दप्तरे पुष्कळ ठिकाणी उघडली गेली. तिच्या माहेरगावच्या वहीत 1908 साली तिच्या वडिलांच्या नावापुढे एका मुलीच्या जन्माची नोंद मिळाली. बारशाआधीची नोंद असल्याने मुलीचे नाव नाही. परंतु ती आईवडिलांची एकुलती एक मुलगी होती आणि परकराची गोष्टही त्याच वर्षाशी जुळते, म्हणून मी ती नोंद तिचीच मानतो.

एकदा 1908 हे वर्ष हाती आले, की पुढचे आयुष्य आपोआप जागेवर बसते. पणजोबा मुंबईला गिरणीत साचेखात्यात कामाला होते आणि वर्षातून एकदा गावी येत. शेत, गुरे आणि म्हातारे सासू-सासरे तिने एकटीने सांभाळले. पत्री सरकारच्या काळात भूमिगतांसाठी रात्री भाकऱ्या थापल्या तेव्हा ती पस्तिशीत होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने घर हादरले तेव्हा ती साठीला टेकली होती, आणि त्याआधीच विधवा झाली होती.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते 1972 चे वर्ष. माणदेशाला दुष्काळ नवा नव्हता, पण त्या वर्षी विहिरींनी तळ गाठला आणि दावणीची बैलजोडी चाऱ्याअभावी मिळेल त्या किमतीला विकावी लागली. चौसष्टाव्या वर्षी ती सुनेबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. मुकादम वय पाहून परत पाठवील, या भीतीने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून ती रांगेत उभी राही. तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून नातवंडांसाठी आणी, आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीची चव तिला शेवटपर्यंत आवडली नाही. पुढे 1982 च्या गिरणी संपानंतर तिचा धाकटा मुलगा मुंबईचे बिऱ्हाड मोडून बायकापोरांसह परत आला, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईने आपल्या वाट्याची पडवी त्यांना मोकळी करून दिली.

तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय बाजरीच्या भाकरीला आणि हुलग्याच्या माडग्याला देणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तेच अन्न खाणारी तिची आठांपैकी चार मुले लहानपणीच गेली. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, म्हणजे ती स्वतःही त्यातून थोडक्यात वाचली होती. काटकपणा होता हे खरे, परंतु त्याबरोबर नशीबही होते, आणि गेलेल्या चौघांचा उल्लेख वंशावळीत केल्याशिवाय तिचे आयुष्य पूर्ण लिहिले असे म्हणता येणार नाही. आमच्या भागात येणारे हेळवी कुळाची माहिती चांगली सांगतात, पण ती मुख्यतः पुरुषांच्या वंशाची असते. म्हणून बायकांचे माहेर, त्यांची बाळंतपणे आणि गेलेली मुले आपणच लिहावीत.

आपल्या घरात आता सत्तरी ओलांडलेली जी माणसे असतील त्यांना ‘पणजीचा जन्म कधीचा’ असे विचारू नका, कारण उत्तरादाखल ऐकीव आकडा येईल. भूकंपाच्या किंवा बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळी ती कोणते काम करीत होती, तिचे दात होते का, सुईत दोरा ओवता येत होता का, असे विचारा, आणि मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तिच्या सासरच्या नव्हे, माहेरच्या गावाचा नमुना 14 मोडी वाचता येणाऱ्या माणसाला सोबत घेऊन पाहा.